निवृत्तीचा डोळा लागला नव्हता

'माझा अनवधानाने डोळा लागला. पक्षी धावपट्टीकडे वळल्याचे माझ्या लक्षात आले नाही. झाल्या प्रकारास मी सर्वस्वी जबाबदार आहे.'

निवृत्ती, तुझ्या दशक्रियेला गोदाकाठी माजी सरपंचांनी ध्वनिक्षेपकावरून तुझ्या जबाबातली ही तीन वाक्ये वाचून दाखवली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. 'चूक कबूल करायला छाती लागते, ती आमच्या निवृत्तीअण्णांना होती,' असे ते म्हणाले आणि खाली बसलेल्यांनी माना हलवल्या. विमानाला बगळे धडकले तेव्हा पक्षी हाकायला नेमलेला माणूस झोपला होता, पण तो मनाने मोठा होता: एवढ्यात तुझा निकाल लागला. तुझी ताई, माझी बायको, बायकांमध्ये बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला नाही. तोंडावर ओढून घेतला. पन्नास वर्षांच्या संसारानंतर तिचे दुःख कोणते आणि तिची लाज कोणती, हे मला लांबूनही ओळखता येते.

मग मला बोलायला पुकारले. 'दाजींच्या हातात माइक दिला तर सोडवायला पोलीस लागतात,' अशी माझी थट्टा तू आयुष्यभर केलीस. त्या दिवशी मी उठलो नाही. गुडघ्याचे निमित्त सांगितले. म्हणून आता लिहायला बसलो आहे. ती तीन वाक्ये खोटी आहेत. ती खोटी असल्याचे दोनच माणसांना ठाऊक होते, आणि त्यांतला एक तू होतास.

तुला ठाऊकच आहे, नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात असताना कामगारांच्या चौकशीत मी त्यांच्या बाजूने उभा राहत असे. साहेब लोक माझे नाव ऐकले की कागद पुन्हा तपासून आणत. त्या कामात मी एक नियम पाळला. आरोपीने गुन्हा कबूल केला म्हणून प्रकरण मिटत नाही. त्या कबुलीने कोण सुटले, ते आधी पाहावे. तुझ्या प्रकरणात हा नियम कोणी लावला नाही. लावू शकणारा एकच माणूस पंचक्रोशीत होता, आणि तो तुझा मेहुणा होता.

लोकांचे एकेक म्हणणे आधी निकालात काढतो.

वेशीपाशी बसणारे म्हणतात की तू घेतली असशील. त्यांना माझे एवढेच उत्तर आहे की तुझ्या मुलीच्या हळदीत व्याह्यांनी पेला पुढे केला, तेव्हा तू त्यात ताक ओतून घेतलेस आणि सगळ्यांच्या आधी 'चढली, चढली' म्हणून नाचलास. दारू पिण्याची अक्कल तुला नव्हती.

कीर्तनकार बुवा म्हणाले की पाखराची झेप आणि माणसाची झोप देवाच्या हाती. बुवांचा मी आदर करतो. परंतु जे स्पष्टपणे एका माणसाच्या हातून झाले, ते देवाच्या माथी मारणे मला मान्य नाही.

राहिली झोप. तुझी ताई पाहायला मी तुमच्या मळ्यात आलो, तेव्हा तू बारा वर्षांचा होतास आणि बाजरीतल्या माळ्यावर गोफण घेऊन उभा होतास. माझ्या पायाशी सणकन दगड आला. तुझे वडील ओरडले, तर तू वरूनच म्हणालास, 'मला वाटलं बगळा हाय! एवढी पांढरी पँट कोन घालतं मळ्यात?' त्या दिवसापासून आपले भांडण सुरू झाले. तुझ्या वडिलांनी मला सांगितले होते, 'हे पोर राखणीला बसलं की जेवायलासुद्धा उतरत नाय.' पंचावन्नाव्या वर्षी विमानतळावर ठेकेदाराकडे पक्षी हाकायच्या कामावर लागलास, तेव्हा तोच माळा तुला पुन्हा मिळाला. आता गोफणीच्या जागी सुतळी बॉम्ब आले, शिट्टी आली, जीप आली, गळ्यात वायरलेस आला. मी तुला 'सरकारी बुजगावणं' म्हणालो. तू खाकी सदरा झटकलास आणि म्हणालास, 'बुजगावण्याला कोन सलाम करत नाय, दाजी. मला पायलट हात करतो.'

पायलट खरोखरच हात करीत असे की नाही, यावर आपण तीन वर्षे वाद घातला. मी नाही म्हणत होतो. आज तो वाद मी सोडून देतो. करीत असेल.

माझे शेत विमानतळाच्या भिंतीला लागून आहे. दोन एकर, टोमॅटो, कोथिंबीर, पावसाळ्याच्या शेवटी कांदा. भिंतीच्या आत धावपट्टीचे टोक, आणि तिथेच तुझी जीप उभी राहायची. सकाळच्या विमानाआधी तू तिथे असायचास. शेतकऱ्याला सांगायला नको की रोटाव्हेटर जमिनीत उतरला की मागे बगळे उतरतात. माती उलटते, किडे वर येतात आणि एरवी जिथे एक बगळा दिसत नाही तिथे शंभर जमतात. ट्रॅक्टर वळला की सगळा थवा उठतो आणि पुन्हा बसतो. तू मला पहिल्याच वर्षी बजावलेस, 'दाजी, विमान जाईपर्यंत माती उलटवू नका. ट्रॅक्टर काढायच्या आधी मला एक फोन टाकत जा. मी हो म्हनलं की काढा.'

मी भडकलो होतो. माझ्या सातबाऱ्यावर तुझे नाव कुठे आहे, असे विचारले. तू हसून म्हणालास, 'सातबारा जमिनीचा हाय, दाजी. आभाळ माझ्याकडं हाय.'

पुढे मी फोन करू लागलो. हे श्रेय तुझ्या ताईचे. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. सहा वर्षे मी फोन केला. 'निवृत्ती, काढू का?' एवढेच विचारायचो. तू म्हणायचास, 'थांबा,' किंवा 'काढा.' कधी कधी मुद्दाम म्हणायचास, 'अर्ज करा.'

मग गेल्या श्रावणातली नागपंचमी आली. नातीचे सोयरे आमच्याकडे जेवायला होते. पंचमीला आपण जमिनीला लोखंड लावत नाही. सगळी अवजारे स्वस्थ. पुरणाच्या दिंडांचा घास घेता घेता तू व्याह्यांना म्हणालास, 'आज माझा फोन शांत हाय बघा. नायतर आमचे दाजी, अख्ख्या छापखान्याला घाम फोडलेला मानूस, रोज सकाळी मला इचारतात...' आणि माझा आवाज काढलास, थोडा कापरा, थोडा लाचार: 'निवृत्ती, काढू का?' व्याही पाणी प्यायचे थांबून हसले. तुझी ताईसुद्धा वाढता वाढता हसली. मीही हसलो. कोणालाही काही जाणवले नाही, तुलाही नाही. जाता जाता तू माझ्या पाया पडलास, नेहमीसारखा, आणि मी नेहमीसारखा तुझ्या पाठीत धपका घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. माती हातात घेतली तर मुठीत धरली जात होती आणि सोडली तर मोकळी होत होती. वाफसा आला होता; असा दिवस हातचा घालवत नाहीत. मी ट्रॅक्टर काढला. फोन केला नाही.

आता ज्याचे खंडन मला सर्वांत अवघड जाते, ते म्हणणे. ते माझे आहे. अपघातानंतर मनात मी स्वतःला सांगत आलो: 'मला वाटले, विमान गेले असेल.' कोणी विचारले असते तर हेच सांगायचे ठरवले होते. कोणी विचारले नाही. परंतु सकाळचे विमान उडते तेव्हा आमच्या घराची फडताळातली भांडी वाजतात. चहा पिताना ती वाजली नव्हती. भिंतीवरून विमानाची शेपटी दिसत होती. मी ट्रॅक्टरवर उंच बसलो होतो आणि माझी नजर अजून शाबूत आहे. विमान गेलेले नव्हते, हे मला माहीत होते. एक दिवस तुला न विचारता माझ्या जमिनीत अवजार घालायचे होते, आणि ते तुला दिसायला हवे होते. मुळात त्यासाठीच ती वेळ निवडली होती.

दोन फेऱ्यांत बगळे जमले. खिशात फोन वाजला. तुझा असणार, हे बघायची गरज नव्हती. तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा मी शीळ घालत होतो. माझ्या वयाचा माणूस ट्रॅक्टरवर शीळ घालतो, याचे त्या क्षणी मला कौतुक वाटले होते.

नंतर काय झाले ते सगळ्यांनी वाचले. धावत्या विमानासमोर थवा आला, एका इंजिनात पक्षी गेले, आगीचा लोळ दिसला, वैमानिकाने ब्रेक लावले. विमान पट्टीच्या पुढे चिखलात गेले, पुढचे चाक मोडले आणि नाक जमिनीला टेकले. माणसे दारातून सोडलेल्या घसरगुंडीवरून खाली आली. जीव कोणाचा गेला नाही. सटाण्याच्या एका बाई हैदराबादला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. घसरगुंडीवरून उतरताना त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्या अजून काठी घेऊन चालतात.

लोक भिंतीकडे धावत होते, तेव्हा मी ट्रॅक्टर घराकडे वळवला. शेडमध्ये नेऊन रोटाव्हेटरची पाती धुतली. आयुष्यात पहिल्यांदा मी अवजार वापरल्यावर लगेच धुतले. तुझी ताई दारातून म्हणाली, 'काय हो, विमान पडलं म्हणत्यात! आन् तुम्ही पानी कशाला सांडताय?' मी म्हणालो, 'माती वाळली की निघत नाही.' उघडीप मिळताच त्या दिवशी सगळ्यांनीच मशागत काढली होती, म्हणून चौकशीत कोणा एकाच्या शेताचे नाव आले नाही.

तुझी जीप मात्र रिकामी सापडली. तू जागेवर नव्हतास, एवढे ठेकेदाराला पुरले; कुठेतरी आडोशाला झोपला असशील, असे त्याने धरून टाकले.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तू माझ्याकडे आलास. ताई देवळात गेली होती. ती गेलेली पाहूनच तू आलास. ओट्यावर बसलास आणि कोरा कागद पुढे केलास.

'जबाब लिहून द्यायचाय, दाजी. तुमचं अक्षर चांगलंय.'

'काय लिहायचे?'

'डोळा लागला म्हनून लिहा.'

'पण तुझा डोळा लागला नव्हता.'

'मग काय लिहू?' तू अगदी शांतपणे विचारलेस. 'तुम्ही सांगा. तुम्ही म्हनाल ते लिहू.'

निवृत्ती, तो प्रश्न तू टोमणा म्हणून विचारला नव्हतास. तू खरोखर मला विचारत होतास. मी 'खरे लिही' म्हणालो असतो, तर तू खरे लिहिले असतेस. मी पेनाचे टोपण काढले. 'अनवधानाने' हा शब्द तू जन्मात उच्चारला नव्हतास. 'सर्वस्वी' हाही नाही. सरपंचांनी ध्वनिक्षेपकावरून वाचलेली तीन वाक्ये माझी आहेत. चांगली बांधलेली आहेत. त्यांत पळवाट शोधली तरी सापडणार नाही, कारण ती मी लिहिली आहेत. दुसऱ्यांच्या बचावासाठी जे शिकलो, ते मी पहिल्यांदा स्वतःच्या बचावासाठी वापरले आणि तुझ्याकडून त्यावर सही घेतली.

उठताना तू म्हणालास, 'ताईला काय सांगू नका. तिला उरलेलं आयुष्य तुमच्याबरोबर काढायचंय.' या वाक्याचा आसरा मी नंतर पुष्कळ घेतला. मी शब्द दिला आहे, असे स्वतःला सांगत राहिलो. खोटे आहे तेही. तू शब्द मागितलाच नव्हतास. तू फक्त वाट मोकळी करून दिलीस, आणि मी त्या वाटेने निघून गेलो.

तुला कामावरून काढले. पुढच्या आठवड्यात तू म्हणालास, त्या बाईंना भेटायला जायचे आहे. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या रुग्णालयात त्यांना ठेवले होते. मी तुला स्कूटरवर घेऊन गेलो, आणि खाली चहाच्या टपरीवर थांबलो. 'तुम्ही पन चला,' असे तू म्हणालास. 'दोघांना सोडत नाहीत,' असे मी म्हणालो. तू वर गेलास. अर्ध्या तासाने उतरलास, तेव्हा तुझ्या हातात केळे होते, बाईंनीच दिलेले.

'काय म्हणाल्या?'

'मी म्हनलं, पक्षी हाकनारा तो मी. मीच झोपलो. तर म्हनाल्या, झोप कोनले लागत नही, भाऊ? सर्वास्ना जीव वाचना ना.' तू केळे सोलू लागलास आणि मध्येच थांबलास. 'माफ केलं हो दाजी त्यांनी मला. पन जे केलं नाय, त्याचं केलं. आता ह्याचं काय करू?'

द्वारकेच्या चौकात नेहमीची कोंडी होती. सगळे भोंगे एकदम वाजत होते. मी विचारले, 'चहा घेणार का?' तू घेतलास.

आणि एवढ्यावरही मी तुझ्याशी भांडलो, हे इथे लिहिले पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास तू बांधावर गवत कापत होतास. मी म्हणालो, चूक तुझीही होती. गळ्यात वायरलेस होता. 'विमान थांबवा' असे दोन शब्द बोलायचे होते. नियमाप्रमाणे तेच बरोबर होते, आणि आजही माझे मत तेच आहे. तू विळा खाली ठेवलास.

'वायरलेसवर सांगितलं की पयला प्रश्न येतो, कोनाचं शेत? नाव लिहून घेत्यात. मग नोटीस निघती.' तू माझ्याकडे न पाहता म्हणालास. 'ताईच्या मालकाचं नाव मी कसं घेनार, दाजी? मला वाटलं, दोन मिन्टाचं काम हाय. मिटंल आपसात.'

म्हणून विमानातल्या सगळ्यांचे प्राण तू आपसात मिटवायला गेलास. बहिणीच्या नवऱ्याचा मान राखायचा, हे तुला माळ्यावर असल्यापासून शिकवले होते. दुसऱ्या कोणाचे शेत असते तर तू वायरलेसवर ओरडला असतास आणि विमान थांबले असते. तुझी चूक एवढीच. तिला झोप म्हणत नाहीत. आणि तू ज्याचा मान राखावास अशा योग्यतेचा मेहुणा मी त्या सकाळी नव्हतो. त्यावर मी तुला काय उत्तर दिले, आठवते? 'पुढच्या वेळी नियम पाळ.' पुढची वेळ तुला नव्हतीच.

भाऊबीजेला ताई तुझ्याकडे आली नाही. बारा वर्षांचा होतास तेव्हापासून एकदाही न चुकलेले ओवाळणे तिने चुकवले. ताट तयार केले होते, सुपारी ठेवली होती. मग ते कट्ट्यावर तसेच ठेवून ती म्हणाली, 'ज्याला राखायला बसवलं, तोच निजला. त्या बाईची लेक तिकडं आईची वाट बघत होती. कुठल्या तोंडानं ओवाळू?' मी शेजारी पंचांग चाळत बसलो होतो. एक वाक्य बोलायला हवे होते. मी ताटातला पेढा उचलून खाल्ला.

तू संध्याकाळपर्यंत नवा सदरा घालून दारात बसला होतास, असे तुझ्या बायकोने नंतर सांगितले. मार्गशीर्षात एका सकाळी अंगणात दाढी करताना तू बसल्या जागी कोसळलास. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. डॉक्टर हृदय म्हणाले. ते म्हणणे मी खोडत नाही, पण पुरतेही मानत नाही.

तुझे उपकार मानायचे मनात होते. उपकार मानायला तोंड लागते, आणि ते मी ओट्यावर पेनाचे टोपण काढले तेव्हाच गमावले. तरी सांगतो. सहा वर्षे रोज सकाळी तू मला 'थांबा' म्हणालास, आणि त्या थांबण्यामुळे किती माणसे सुखरूप घरी पोहोचली, हे त्यांना माहीत नाही. मलाही त्या सकाळपर्यंत कळले नव्हते. मला ते रोजचे अपमान वाटत होते.

हा लेख छापायला देण्याआधी मी तुझ्या ताईला वाचून दाखवणार आहे. आत ती भाजी निवडते आहे. ती मला काय म्हणेल, यावर मी वाद घालणार नाही. नोटीस निघाली तर माझ्या नावाने निघू दे. उत्तर मीच लिहीन आणि या वेळी सहीही माझीच असेल. ताई विचारेल, तू झोपला नव्हतास याला पुरावा काय. तुझे तीन फोन दाखवले तर ती म्हणेल, आधी केले असतील. राखणीची तुझी सवय सांगितली तर म्हणेल, वय झाले होते. म्हणून मी तिला एकच गोष्ट सांगणार आहे. ती तू कोणाला सांगितली नाहीस आणि मी कागदावर येऊ दिली नाही.

भिंतीतल्या नाल्याकडच्या छोट्या फाटकाची किल्ली तुझ्याकडे होती. तिसरा फोन मी उचलला नाही, तेव्हा तू ते उघडून ढेकळांतून धावत आलास. विमानाची धाव सुरू झाली त्या क्षणी, निवृत्ती, तू माझ्या ट्रॅक्टरसमोर दोन्ही हात पसरून 'दाजी, थांबवा' म्हणून ओरडत होतास, आणि मी तुला वळसा घालून पुढे गेलो.